नळाच्या आवाजात

शनिवारी सकाळी तिबेरिउ क्रेनिचान स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून भाजलेल्या लाल मिरच्यांची सालं काढत होता, तेव्हा खिडकीखालच्या फुटपाथवर एक पोरगा हसत हसत म्हणाला, "यात शोधायचंय काय? बायकोनेच चुगली केली असणार." दहा-बारा जण हसले. तिबेरिउच्या हातातली मिरची हातातच राहिली. हे वाक्य त्याने आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, स्वतःच्या तर नाहीच; पण त्यातला शब्दन् शब्द त्याच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं ते त्याच्या घरातच होतं, त्याच्या बायकोच्या, ओतिलियाच्या आणि त्याच्या मध्ये झोपत होतं, आणि ओतिलिया गेल्यावर पलंगाची तिची बाजूही त्या वाक्यानेच घेतली होती. आता ते खाली फुटपाथवर उभं राहून हसत होतं, आणि क्लुजहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरांना त्याची गंमत वाटत होती.

त्या पिवळ्या छत्रीवाल्या बाईवर तो पहिल्यापासूनच डोळा ठेवून होता. ऊन असो नसो, छत्री उघडी. दर शनिवारी ती माणसं घेऊन तिमिश्वाराच्या या भागात यायची आणि जुन्या कम्युनिस्ट राजवटीत लोक कसे जगत होते ते सांगत ब्लॉकांमधून फिरायची. इतिहासाची डॉक्टर होती म्हणे, नाव रुक्सांद्रा. आपण अजून राहतो त्या जिन्यावरच्या घरांबद्दल कोणीतरी 'इथे लोक राहत असत' असं बोलतंय, हे तळमजल्यावरून ऐकताना तिबेरिउला स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पाहावंसं वाटे. दुधाच्या रांगेत लोक माणसाऐवजी पिशवी ठेवून जात आणि कोणी कोणाची पिशवी हलवत नसे, हे ती सांगायची तेव्हा पोरं फोटो काढायची. कशाचे, ते तिबेरिउला कळत नसे. रांग तर नव्हती. पिशवीही नव्हती. त्याच्या खिडकीचा फोटो मात्र निघत होता. पूर्वी ती पलीकडच्या ब्लॉकपाशी उभी राहायची. हल्ली नेमकी याच खिडकीखाली थांबायला लागली होती. त्याने पडदा बदलून पाहिला, तरी ती थांबली. पडदा बदलला म्हणून थांबली असेल, असाही विचार त्याने केला.

आज त्याला कळलं का थांबते ते. "या जिन्यातल्या एका इंजिनियरने," रुक्सांद्रा सांगत होती, "डॅन्यूब पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात पळून जायचं ठरवलं. बेत त्याने बायकोला सांगितला. कुठे? बाथरूममध्ये, नळ पूर्ण सोडून, भिंतीला कोणी कान लावून बसलं असेल तर त्याला पाणीच ऐकू यावं म्हणून. तेव्हा सगळे असंच करायचे. आणि निघायच्या दिवशी पहाटे त्याच्या दारात ट्रक येऊन उभा. मक्याच्या कापणीला चला! तुमचं नाव आहे! म्हणजे बातमी बाहेर गेली होती. ती कशी गेली?" मग तो पोरगा ते बोलला, मग हशा, मग रुक्सांद्रा म्हणाली, "ते आपण पुढच्या थांब्यावर बघू. चला," आणि छत्री हलली.

तिबेरिउने मिरची खाली ठेवली. हात पुसले, मोबाइल, त्यातून कोणी ऐकू नये म्हणून, सवयीप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवला, आणि घरातल्या सपातांवरच बाहेर पडला. पुढचा थांबा चुकवणं त्याला परवडणारं नव्हतं. सपाता पायात आहेत हे त्याला कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापाशी कळलं, पण तोवर तो रांगेत शेवटचा झाला होता, आणि शेवटी चालणं त्याला नेहमीच बरं वाटायचं. पाठीमागे कोणी नसतं.

"काका, तुम्ही सहलीला आलात?" त्याच पोराने वळून विचारलं. कानात बाळी, चेहरा भला. अशाच चेहऱ्यांवर तिबेरिउचा विश्वास नसे.

"मी इथलाच आहे."

"म्हणजे तुम्ही त्या वेळी होतात?"

"मी अजून आहे."

पोराला हे फार आवडलं. त्याने शेजारच्या मुलीला सांगितलं. तिबेरिउ मात्र छत्रीकडे बघत विचार करत होता, की हिला हे सांगितलं कोणी? ज्याला ज्याला माहीत असू शकलं असतं त्या सगळ्यांना त्याने आयुष्यभर ओळीने उभं करून पाहिलं होतं आणि एकेकाला सोडून दिलं होतं. लिचिनिउला माहीत होतं, कारण बेत मुळात लिचिनिउचाच. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्याचं टेबल तिबेरिउच्या टेबलाला चिकटलेलं. ओर्शोवाला नदीकाठी त्याची मावशी राहायची, आणि नदीत तरंगायला ट्रॅक्टरच्या चाकांच्या ट्यूबा त्याने तिच्याकडे आधीच नेऊन ठेवल्या होत्या. पण लिचिनिउने सांगितलं असतं तर तो स्वतः गेलाच नसता. तो गेला. तिबेरिउ मक्याच्या शेतात कणसं मोडत होता तेव्हा लिचिनिउ एकटा पाण्यात उतरला, आणि पुढे त्याच्याकडून ना व्हिएन्नाचं कार्ड आलं ना कुठलं. मावशीकडे नंतर एक ट्यूब परत आली एवढं तिबेरिउने ऐकलं होतं. कोणी आणून दिली ते तिने सांगितलं नाही. रुक्सांद्राने आत्ता लिचिनिउचं नावही घेतलं नव्हतं. म्हणजे तिला ज्या कोणी सांगितलं त्या माणसाला तो माहीत नव्हता, किंवा मोजावा असा वाटला नव्हता.

ट्रक घेऊन आलेला माणूस पहिल्या मजल्यावरचा मिहुत्स. कारखान्यात फोरमन, जिन्यात कारभारी, आणि दोन्हीकडे सारखाच मोठ्याने बोलणारा. कारखान्यातल्या कोणी सक्तीच्या कापणीला जायचं हे तोच ठरवायचा. त्या पहाटे दारात उभा राहून तो म्हणाला होता, "क्रेनिचान, गमबूट घाल. देशाला मका हवाय," आणि तिबेरिउची आधीच भरून ठेवलेली छोटी बॅग पायाने खुर्चीखाली सरकवली होती, नजर तिबेरिउवरून न हलवता. त्या सरकवण्याचा अर्थ तिबेरिउ अजून लावत होता. मिहुत्स त्यांच्यातला, गुप्त पोलिसांतला असणार, यात शंका नव्हती. पण मिहुत्सला सांगितलं कोणी? मिहुत्स मेला तेव्हा तिबेरिउ मयताला गेला होता, कोण कोण येतं ते बघायला. संशय घ्यावा असं कोणी आलं नाही, आणि त्याचाच त्याला संशय आला. राजवट गेली, दप्तरं उघडली, लोक आपापली फाइल बघायला जाऊ लागले. तिबेरिउ गेला नाही. फाइल असेल अशी भीती होती, आणि नसेल तर फार अपमान झाला असता.

उरली ओतिलिया. चौकातल्या सिग्नलचं पिवळं लागलं, पोरं धावत पलीकडे गेली, आणि तिबेरिउ सपातांनी अलीकडे अडकला. बेत सांगितला त्या दिवशी ओतिलिया बाथटबच्या काठावर बसलेली होती, निळा घरातला झगा, केसांना रंगाचा वास, कारण ती नुकतीच वरच्या मजल्यावरून केस रंगवून आलेली. "स्वयंपाकघरात नको," ती म्हणाली होती, "ती भिंत पातळ आहे. बाथरूममध्ये बोलू." नळ तिनेच सोडला होता. पाणी थंड, गंजलेलं, धो धो. तो तिच्या कानाशी वाकून सांगू लागला तशी ती मागे सरली. "मोठ्याने सांग, ऐकू येत नाही." त्याने आवाज चढवला. "कोणत्या दिवशी?" त्याने सांगितलं. "कोणत्या गाडीने?" तेही सांगितलं. "परत सांग," ती म्हणाली, "पाण्यात कळत नाही." त्याने परत सांगितलं, जवळजवळ ओरडून, आणि ती त्याच्याकडे न बघता वर छताकडे बघत होती. तेव्हा त्याला वाटलं, डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून बघतेय. नंतर, मक्याच्या शेतात, कणसागणिक त्याला वेगळं वाटू लागलं. एखादी बाई दिवस, गाडी, जागा दोन-दोनदा का विचारते? पाठ करायला विचारते. पाठ कशासाठी करते? सांगायला. ती म्हणाली होती, "जा. मी मागून येईन." एवढं सहज कोणती बायको जा म्हणते? ज्या बायकोला माहीत असतं की तो जाणार नाही, तीच म्हणते.

तो परत आला तेव्हा तिने कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सार्माले केले होते. इतके मऊ तिने पूर्वी कधी केले नव्हते. त्याने खाल्ले, आणि तिला विचारलं नाही. पुढे तिला आजार झाला, हॉस्पिटलात तिचा हात त्याच्या हातात असायचा, तेव्हाही त्याने विचारलं नाही. ती एकदा म्हणाली होती, "तिबी, तुला मला काही विचारायचंय का?" तो म्हणाला, "पाणी देऊ?" ती हसली. ते हसणं त्याने फार दिवस उलटसुलट करून पाहिलं. त्यातून काही निघालं नाही.

पुढचा थांबा म्हणजे दोन ब्लॉक पलीकडचा एक तळमजल्याचा फ्लॅट. तो त्या काळासारखा सजवून ठेवला होता. आत पाऊल टाकताच तिबेरिउला वाटलं आपण चुकून घरी परत आलो. तोच नकाशा, तोच बोळ, टीव्हीवर तोच काचेचा मासा, त्याच्याखाली क्रोशाची तीच जाळी. माशाच्या शेपटीचा टवका उडालेला होता का, ते बघायला तो वाकला. नव्हता. त्याला हायसं वाटलं, मग वाटलं, चिकटवला असेल.

"आता सगळे बाथरूममध्ये," रुक्सांद्रा म्हणाली. सगळे मावत नव्हते. बाळीवाला पोरगा टबमध्ये उभा राहिला. "तू नाही. तू वर जा, दुसऱ्या मजल्यावर. इरिमियाबाई दार उघडतील, त्यांना सवय आहे. त्यांच्या बाथरूममध्ये उभा राहा आणि काय ऐकू येतं ते लक्षात ठेव."

पोरगा गेला. तिने नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज इतका मोठा होता की दारातल्या मुलीने कानांवर हात ठेवले. रुक्सांद्राची नजर माणसांवरून फिरली आणि तिबेरिउच्या सपातांवर थांबली. जरा जास्तच वेळ थांबली. "तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही बोला काहीतरी. हळूच. काहीही."

तिबेरिउला बोलायचं नव्हतं. अनोळखी माणसांसमोर, सोडलेल्या नळाखाली, इतिहासाच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून तर अजिबात नाही. पण त्या टबच्या काठावर निळा झगा इतका स्पष्ट दिसत होता की त्याचं तोंड आपोआप उघडलं. ओठांतल्या ओठांत तो म्हणाला, "मोठ्याने सांग, ऐकू येत नाही."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही ते ऐकू गेलं नाही. रुक्सांद्राने नळ बंद केला. पोरगा जिन्यावरून दणदणत आला. "'मोठ्याने सांग, ऐकू येत नाही,'" तो धापा टाकत म्हणाला. "अहो, मी म्हटलं माझ्याशीच बोलतंय कोणीतरी! कानाला तोंड लावून बोलल्यासारखं!"

मग रुक्सांद्राने वर बोट दाखवलं. छताजवळ, भिंतीत, हाताएवढी पत्र्याची जाळी. दमट हवा जायला. जाळीमागे उभी पोकळी, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, आणि प्रत्येक मजल्याच्या बाथरूमची जाळी त्याच पोकळीत उघडणारी. "नळाचा आवाज नळापाशी उभ्या असलेल्या माणसाला," ती म्हणाली. "वरच्याला बोलणं. देशभर लोक कान चुकवायला बाथरूममध्ये जात होते आणि अख्ख्या जिन्याला भाषण देऊन येत होते. नळ सुटला की वरचे लोक समजायचे, आता काहीतरी ऐकण्यासारखं येणार."

पोरं पोट धरून हसली. तिबेरिउ जाळीकडे बघत उभा राहिला. आपल्या बाथरूममधली जाळी तो रोज बघत होता. वर्षातून एकदा ती पुसायचा. वरून कधीच काही ऐकू आलं नव्हतं, आणि वरचे लोक बाथरूममध्येसुद्धा गप्प बसतात, या गोष्टीचा त्याला इतकी वर्षं संशय होता. गप्प बसणारी माणसं कोणाची असतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आता कळलं ती गप्प का बसत. त्यांना जाळी माहीत होती. म्हणजे सगळ्या जिन्यात जाळी कोणाला माहीत नव्हती, तर ती फक्त त्याला.

बाहेर पडताना तो रुक्सांद्रापाशी थांबला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नाव सांगत नाही आम्ही," ती म्हणाली. तिने छत्री मिटली. मिटलेली छत्री त्याने पहिल्यांदाच पाहिली. "पण सपाता घालून कोणी लांबून येत नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, माझ्या जिन्याखाली उभं राहून सांग, खिडकीखाली, जरा मोठ्याने. तो स्वतःहून कधी विचारणार नाही, पण ऐकेल." ती थोडी ओशाळली. "मला वाटलं, म्हातारपणी त्यांना गंमत सुचली असेल."

जिन्यात त्याच्याहून वयाने मोठी एकच बाई उरली होती. दुसऱ्या मजल्यावरची एतेल्का नेनी. ती हंगेरियन, आणि तिला सगळे नेनीच, म्हणजे काकूच म्हणायचे, मिहुत्ससुद्धा. ओतिलिया तिच्याकडेच केस रंगवायला जायची. तिबेरिउ परत येऊन थेट दोन मजले चढला आणि घंटी वाजवली. दाराच्या भोकात सावली आली, बराच वेळ थांबली.

"कोण?"

"मी. तिबेरिउ. तळमजला."

"एकटा?"

"एकटाच आहे, नेनी. तीन वर्षं झाली."

"मग जिन्यात कशाला बोलतोस?" दार उघडलं नाही. "इथे सगळे ऐकतात. खाली जा, बाथरूममध्ये बस. मधल्या मजल्यावर नवीन आलेत त्यांनी टाइल लावून जाळी बुजवली आहे. आता फक्त तू आणि मीच."

तो खाली आला. टबच्या काठावर बसला, ओतिलियाच्या जागेवर, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप पुढे गेला आणि नळ सुटला. धो धो पाणी. वरून काहीतरी गुरगुरलं. मग पुन्हा, जास्त चिडून. त्याने नळ बंद केला.

"...बंद कर म्हणते ना मघापासून!" एतेल्का नेनीचा आवाज जाळीतून इतका जवळून आला की तो दचकून उभा राहिला. "तुला काही अक्कल आली नाही बघ. म्युनिसिपालिटीचं पाणी आणि तुझा बेत, दोन्ही एकदमच वाहायचं."

"तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

"तू आंघोळीला गाणं म्हणायचास ते तर नको असताना ऐकू यायचं. सगळं नरड्यातून. ओतिलिया माझ्याकडे डोक्याला रंग लावून बसलेली असायची, या इथे, या स्टुलावर, आणि तू खाली सुरू झालास की आम्ही दोघी टॉवेल तोंडात धरून हसायचो. रंग कपाळावर ओघळायचा तिच्या."

पाण्याचा एक थेंब नळाच्या तोंडाशी लोंबकळत राहिला होता. विचारायचं होतं ते तोंडाशी आलं, आणि विचारायची आता गरज उरली नव्हती. ओतिलिया त्या स्टुलावर बसून त्याचं गाणं ऐकत होती. तिला जाळी माहीत होती. स्वयंपाकघरात नको, बाथरूममध्ये बोलू. मोठ्याने सांग. परत सांग. आणि तिची नजर छताकडे नव्हती. छताखाली वीतभर, भिंतीत.

"म्हणजे तिने सांगितलं," तो म्हणाला.

"तिने? तिने एक शब्द सांगितला नाही. सगळं तूच सांगितलंस, दोनदा. मी इथे, मिहुत्स त्याच्या बाथरूममध्ये, दाढीचा साबण तसाच. तू नदीत उतरू नयेस म्हणून त्याने तुझं नाव मक्याच्या यादीत घातलं आणि वरच्या साहेबांना कळलं असतं तर त्याचं स्वतःचं काय झालं असतं ते त्यालाच माहीत. तुझी बॅग खुर्चीखाली लपवली त्या माणसाने. तू त्याला आयुष्यभर मान हलवून नमस्कार केलास, तोंडाने केला नाहीस."

"मला सांगायचं होतंत कोणीतरी."

"काय सांगायचं? आम्ही तुझं ऐकतो म्हणून? मग तू आमचा संशय घेतला असतास."

संशय खराच होता तर. तिनेच केलं होतं. फक्त ज्यांना कळवलं म्हणून तो इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून झोपला, ते हे लोक नव्हते. आणि हॉस्पिटलात ती विचारत होती, तुला काही विचारायचंय का. त्याने पाणी दिलं होतं.

"तू मक्याला गेलास त्या दिवशी," वरचा आवाज जरा उतरला, "ती तिथे खाली, बाथरूममध्ये आली. नळ न सोडता. म्हणाली, कोसोनोम. एवढंच, आमच्या भाषेत. आभार. मी पण खाली काही बोलले नाही. आम्ही बोलत नव्हतो ना तिथे."

मग तिबेरिउने मान वर करून जाळीला विचारलं, "आणि लिचिनिउ? त्याचंही नाव मी घेतलं होतं. दोनदा. तो दिवस, ती गाडी. त्याला कोणी का नाही अडवलं?"

वर स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती उठून गेली असं त्याला वाटलं.

"तो आपल्या जिन्यातला नव्हता रे," एतेल्का नेनी म्हणाली.

नळाचा थेंब पडला. दुसरा तयार होऊ लागला. स्वयंपाकघरातून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. त्या आता गार होऊन सालांना चिकटल्या असणार, आणि सोलायला त्रास होणार. एका टोकाला ओर्शोवाच्या मावशीच्या अंगणातली ती ट्यूब होती, दुसऱ्या टोकाला मऊ सार्माले, आणि मधल्या टबच्या काठावर तो बसला होता, सपाता घालून, जिवंत.

त्याने नळ पूर्ण सोडला. वरून एतेल्का नेनी काहीतरी म्हणत होती. पाण्यात ते त्याला ऐकू आलं नाही. त्याचं मात्र तिला वर सगळं ऐकू जाणार, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तो रडला. मोठ्याने.